आधी उपचार, मग पत्ता



आमच्या दोडामार्ग तालुक्यात रात्री-अपरात्री कुणी आजारी पडले, तर घरच्यांपुढे पहिला प्रश्न डॉक्टरचा नसतो, राज्याचा असतो. माणसाला महाराष्ट्रात न्यायचे की गोव्यात? १९९९ साली सावंतवाडीतून वेगळा झालेला हा तालुका अगदी सीमेला टेकून बसला आहे. एक रस्ता बांद्यावरून सावंतवाडीला आणि पुढे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाकडे जातो. दुसरा अस्नोड्यावरून म्हापशाला आणि तिथून पणजी ओलांडून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे. तालुक्यात ग्रामीण रुग्णालय आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. पण डोक्याला मार लागला, छातीत कळ आली, बाळंतीण अडली, की "पुढे घेऊन जा" एवढेच शब्द कानी पडतात. त्या रस्त्यांविषयी आणि वाहनांविषयी पुष्कळ लिहिता येईल. आज आम्हाला लिहायचे आहे ते रस्ता संपल्यावर लागणाऱ्या दाराविषयी.

त्या दाराला इस्पितळात कॅज्युअल्टी म्हणतात. तिथला एक नियम आधी समजून घेतला पाहिजे, कारण तो ठाऊक नसल्याने आपली माणसे विनाकारण दुखावतात. तिथे रांग नसते. ज्याचा जीव अधिक धोक्यात, तो पुढे. आपण आधी आलो आणि मागून आलेल्या अपघाताच्या जखमीला आत नेले, तर तो आपला अपमान नव्हे. दोन डॉक्टर आणि वीस रुग्ण अशीही वेळ तिथे येते. डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय हीही नोकरी करणारी, दमणारी माणसे आहेत, आणि त्यांत आज आपल्या समाजातली मुलेमुलीही आहेत. म्हणून प्रत्येक उशिराला आम्ही अन्याय म्हणत नाही. पण कोणाचा जीव अधिक धोक्यात आहे, हे माणूस तपासून ठरते की त्याच्याकडे नुसते बघून ठरते, हा आमचा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ओळखीतले एक गवंडी, वय पन्नाशीचे, सकाळी दहाच्या सुमारास भिंतीचे काम करता करता खाली बसले. हातातली थापी गळून पडली. बोलायला गेले तर शब्द जड येईनात, तोंडाची एक बाजू उतरलेली. बरोबरच्या बिगाऱ्यांनी त्यांना टेम्पोत घालून साडेअकराला एका सरकारी इस्पितळात पोचवले. ते सीमेच्या अलीकडचे की पलीकडचे, हे आम्ही मुद्दाम सांगत नाही. कारण हा दोष एका इमारतीचा नाही.

अंगावर सिमेंटचे कपडे, पायात फाटकी चप्पल, तोल जातोय, जीभ अडखळतेय. दारावरच्या माणसाने एकदा बघितले आणि म्हटले, "पिऊन आलाय." त्यांच्या मंडळी मागून धावत आल्या. हात जोडून सांगत होत्या, "ह्येनी थेंब पण घेवक नाय ओ, सायबानू." कागदावर नाव लिहिले, पत्ता लिहिला, मु. अमुक, बौद्धवाडी, आणि त्याखाली मद्यपानाचा शेरा पडला. मग बाकावर बसवून ठेवले. "उतरेल, तोवर थांबा." आम्ही कचेरीतून रजा टाकून पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ते बाकावर कलंडलेले होते आणि उजवा हात मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा पडला होता. पावणेचारला एक वरिष्ठ डॉक्टर तिथून जाता जाता थांबले, दोन मिनिटे तपासले आणि ताबडतोब डोक्याचा फोटो काढायला पाठवले. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती.

अशा झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असते. पण ते त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि आधी मेंदूत रक्तस्राव नाही ना हे फोटोवरून बघावे लागते. दहाला सुरू झालेल्या त्रासाची ती मुदत अडीच वाजता बाकावरच संपली. गवंडीदादा जगले. उजव्या हाताने मात्र पुन्हा थापी धरली नाही. त्यांच्या मंडळी आज काजूच्या कारखान्यात जातात. ते इंजेक्शन मिळाले असते तर हात नक्की परत आला असता, असे आम्ही म्हणत नाही. ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण ती संधी त्यांच्या हक्काची होती आणि ती कुणी तपासून नाकारली नाही. नुसते बघून नाकारली.

आम्ही कारकून माणूस. कागदावर पहिला शब्द काय पडतो त्यावर फाईल कुठल्या टेबलाकडे जाते, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. इस्पितळातही तसेच. "दारू" हा शब्द एकदा पडला की पुढचा प्रत्येक माणूस त्या शब्दाच्या चष्म्यातून रुग्णाकडे बघतो. आमच्या सीमेवर तर हा शब्द फार स्वस्त आहे. गोव्याची दारू स्वस्त, म्हणून दोडामार्गचा मजूर म्हणजे प्यायलेलाच, असा हिशेब आधीच मांडलेला असतो. आणि समजा, प्यायला असता तरी? प्यायलेल्या माणसाला झटका येत नाही काय? तो पडला तर त्याच्या डोक्यात रक्तस्राव होत नाही काय? मधुमेह असलेल्याची साखर एकदम उतरली तरी माणूस असाच बरळतो, लडखडतो. बोटाला सुई टोचून साखर बघायला मिनिटभर पुरते. तोंडाला वास आला म्हणून ते मिनिट वाचवायचे, हे कुठल्याच वैद्यकाच्या पुस्तकात बसत नाही.

आता जातीचे. त्या दिवशी कुणी जात विचारली नाही. विचारायची गरजच नव्हती, ती पत्त्यात होती. कोकणात वाडी सांगितली की सगळे सांगून होते. २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पण नाव बदलले म्हणून ऐकणाऱ्याचा कान बदलतो असे नाही. त्या शेऱ्यात बौद्धवाडीचा हात किती आणि सिमेंटच्या कपड्यांचा किती, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. भेदभाव आता तोंडावर बोलत नाही, तो बाकावर बसवून ठेवतो. २०२१ साली ऑक्सफॅम इंडिया या संस्थेने रुग्णांच्या हक्कांविषयी देशात पाहणी केली. इस्पितळात आपल्याला भेदभावाची वागणूक मिळाली असे सांगणाऱ्यांत अनुसूचित जातींचे २१ टक्के, अनुसूचित जमातींचे २२ टक्के आणि मुस्लिमांचे ३३ टक्के लोक होते. म्हणजे आपल्यातल्या दर पाच माणसांमागे एकाला हे जाणवले आहे.

बाबासाहेबांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतःच्या अनुभवांबरोबर दुसऱ्या एका माणसाचे दुःख नोंदवून ठेवले आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे ते पत्र, १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलेले. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर यायला तयार झाला तो एका अटीवर, की तो वस्तीत पाऊल टाकणार नाही. त्या ओल्या बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाच्या हाती दिला, शिक्षकाने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने रुग्णाला स्पर्श न करताच न्यूमोनियाचे निदान केले. ती बाई वाचली नाही. जवळजवळ शंभर वर्षे झाली. आज थर्मामीटर तीन हातांतून जात नाही, हे खरे. पण स्पर्श न करता केलेले निदान अजून संपलेले नाही, हे आमच्या गवंडीदादांना विचारा.

मग कायदा काय म्हणतो? कायदा आपल्या बाजूचा आहे आणि तो पाठ असला पाहिजे.

१९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमी माणसाचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे. पोलिसांचे कागद त्यानंतर. १९९६ चा निकाल तर आपल्यासारख्याच माणसाचा आहे. पश्चिम बंगालमधले हाकिम शेख हे शेतमजूर संघटनेचे सभासद ८ जुलै १९९२ रोजी मथुरापूर स्टेशनवर गाडीतून पडले. डोक्याला जबर मार. त्यांना एका सरकारी इस्पितळातून दुसऱ्यात फिरवले. कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. शेवटी खाजगी इस्पितळात सुमारे १७ हजार रुपये खर्चून ते वाचले. संघटना न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे १९९६ रोजी त्यांना २५ हजार रुपये भरपाई देवविली आणि स्पष्ट केले की सरकारी इस्पितळात वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. हा निकाल एकट्या माणसाने नव्हे, मजुरांच्या संघटनेने मिळवला, हे विसरू नये.

जातीवरून इस्पितळात प्रवेश नाकारणे किंवा आत घेतल्यावर वेगळी वागणूक देणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या पाचव्या कलमाखाली गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने रुग्णालय, दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र यांची नावे घालून ही अडवणूक गुन्हा ठरवली आहे. खाजगी इस्पितळांसाठी राज्याने २०२१ साली नर्सिंग होमचे नियम सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. धर्मादाय इस्पितळांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. तरीही २०२५ च्या मार्चअखेर पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात जुळी बाळे पोटात असलेल्या बाईकडे दहा लाख रुपये मागितल्याचा आरोप झाला. दुसरीकडे बाळंतपण होऊन ती बाई गेली. रुग्णालयाने आरोप नाकारला. पण आरोग्य खात्याच्या चौकशीत तातडीचे उपचार न दिल्याचा ठपका आला, आणि पुढे तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेणार नाही असे रुग्णालयालाच जाहीर करावे लागले. जो नियम होताच, तो पाळायला एक जीव जावा लागला.

आमच्या सीमेवर जात आणि गरिबी यांच्या जोडीला तिसरा शिक्का आहे, तो "परराज्यातला". १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणाऱ्या बांबोळीच्या इस्पितळाने आमच्या तालुक्यातल्या कितीतरी लोकांचे प्राण वाचवले, हे ऋण आम्ही मान्य करतो. २०१८ च्या जानेवारीपासून गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. त्यांचेही म्हणणे होते, की बाहेरच्या गर्दीने गोवेकरांनाच खाट मिळत नाही. पण रोजंदारीवर जगणाऱ्या दोडामार्गच्या माणसाचे हातपाय गळाले. त्या मार्चमध्ये दोडामार्गात 'आरोग्याचा जनआक्रोश' उठला. लोक रस्त्यावर बसले. आपले सरकार आरोग्य देऊ शकत नसेल तर तालुकाच गोव्याला जोडा, इथवर बोलणे गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तिथल्या एका सरकारी इस्पितळात दिल्लीकरांना आधी उपचार देणारे परिपत्रक रद्द केले, हेही ध्यानात ठेवावे. मात्र आमचा पहिला सवाल गोव्याला नाही, महाराष्ट्राला आहे. आमचा माणूस हौसेने सीमा ओलांडत नाही. इथे डॉक्टर आणि यंत्रे असती तर तो कशाला दुसऱ्याच्या दारात "परका" म्हणून उभा राहिला असता?

त्याच बांबोळीच्या कॅज्युअल्टीत ७ जून २०२५ रोजी काय झाले, ते सर्वांनी बघितले. सुट्टीच्या दिवशी एका वृद्ध रुग्णाला बी-१२ चे इंजेक्शन दिले नाही, अशी तक्रार आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांच्यापर्यंत गेली. मंत्री स्वतः आले, कॅमेऱ्यासमोर डॉक्टरांवर ओरडले, निलंबनाची भाषा बोलले. डॉक्टर संतापले, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी निलंबन होणार नाही असे सांगितले, मंत्र्यांनी माफी मागितली. ते इंजेक्शन तातडीचे होते की नव्हते, हा वाद बाजूला ठेवू. आम्हाला दिसते ते एवढेच, की एकाच्या तक्रारीला मंत्री धावून येतो आणि दुसऱ्याची तक्रार बाकावर कलंडून पडते. मंत्र्याने ओरडल्याने व्यवस्था सुधारत नाही. ज्याच्यापाशी कुणाचाच फोन नंबर नाही, त्या माणसालाही दारात तपासले जाईल, अशी रीत बसली पाहिजे.

ती रीत बसेपर्यंत आपण काय करावे? वस्तीतल्या लोकांशी बोलून आम्ही काही गोष्टी काढल्या आहेत. त्या कात्रण करून ठेवा.

गाडीसाठी १०८ ला फोन करा. सीमेवर मोबाईलला कधी पलीकडचा टॉवर मिळतो, म्हणून आपण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात, अमुक गावात आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगा.

रुग्णाबरोबर एक तरी बोलणारे, न घाबरणारे माणूस असू द्या. त्याने दारात तीन गोष्टी सांगाव्यात. त्रास किती वाजता सुरू झाला, आधी माणूस कसा होता, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. तोंड एका बाजूला वाकडे झाले, हात उचलत नाही, बोलणे अडखळते, यातले एक जरी असेल तर "झटका वाटतो, दहा वाजता सुरू झाला" असे वेळेसह स्पष्ट म्हणा. ती वेळ कागदावर लिहून घ्यायला सांगा. "प्यायलाय" असे कुणी म्हटले तर भांडू नका. "प्यायला असला तरी साखर तपासा, डोके तपासा" एवढे शांतपणे, पण पुन्हा पुन्हा म्हणा.

बसवून ठेवले आणि माणूस बिघडताना दिसला, म्हणजे झोपेत जातोय, श्वास जड होतोय, तर पुन्हा उठा आणि परिचारिकेला सांगा. आपली माणसे "मघाशी सांगितले, आता कसे सांगू" म्हणून गप्प राहतात. हा मोठेपणाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

दुसरीकडे पाठवत असतील तर चिठ्ठीवर रुग्णाची स्थिती, दिलेले औषध आणि पाठवण्याचे कारण लिहून मागा. "स्वतःच्या जबाबदारीवर नेतो" अशा कागदावर वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका. केसपेपरची प्रत हा आपला हक्क आहे. अर्ज केल्यावर ती ७२ तासांत मिळाली पाहिजे. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत दाराजवळ टांगून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. त्या इस्पितळात ती लागू आहे का, हे आरोग्यमित्राला विचारा किंवा १५५३८८ वर फोन करा. सीमेपलीकडे जायचे असेल तर हे आधीच विचारून ठेवा.

आणि हात उचलू नका. राग येतो, आम्हालाही आला होता. पण डॉक्टरांवरील हल्ल्याविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, अटक होते, आणि मग चूक कुणाची हा प्रश्नच मागे पडतो. आपल्या हाती लेखणी आहे. तारीख, वेळ, कोण काय बोलले, हे त्याच रात्री लिहून काढा आणि वैद्यकीय अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक यांना तक्रार देऊन पोचपावती घ्या. जातीवरून अवमान झाला असेल तर पोलीस ठाण्यातही द्या.

गवंडीदादांच्या मंडळींनी तक्रार दिली नाही. "हात तर गेलो, आता कागद करून काय?" असे त्या म्हणाल्या. त्यांना आम्ही दोष देत नाही. रोज बुडवून तालुक्याला खेपा घालणे काय असते ते आम्ही जाणतो. म्हणूनच हे काम एकेकट्या घराचे नव्हे. प्रत्येक वस्तीत शिकलेली दोन मुले आणि दोन मुली अशा ठरवाव्यात, की रात्री कुणाचेही दार वाजले तरी त्यांतला एक गाडीत बसेल आणि दारात बोलेल. त्यांची नावे आणि फोन नंबर विहाराच्या भिंतीवर लावा. येत्या रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटे थांबून एवढे ठरवले, तरी पुढच्या माणसाची अडीच वाजेपर्यंतची मुदत बाकावर संपणार नाही.